जिवंत मासे

“बाई, सगळ्या माशांची पोटं गाभोळीनं टम्म फुगलीत! आता तोंड गोड करा,” माळीकाका हौदाच्या कठड्यावरून ओरडले.

हौदाभोवती जमलेले लोक हसले. कारखान्याचे साहेब तर असे फुलले, जणू ती अंडी त्यांनीच घडवली होती. थोरली नुसतीच सुखावली. साबणाच्या या कारखान्यातली केमिस्ट ती. टाक्या धुतलेलं घाण पाणी शुद्ध करायचं तिचं काम, आणि शुद्ध झालेलं पाणी या काचेच्या हौदात यायचं. लोकांचा तपासणीच्या आकड्यांवर विश्वास बसत नाही, म्हणून तिनंच हौदात माशांची पिल्लं सोडायला लावली होती. पिल्लं जगली, वाढली, आणि आता अंड्यांवर आली होती. हौदातलं पाणी पुढे पाटानं बागेला जायचं. आता ते खालच्या वस्तीला प्यायला द्यायचं घाटत होतं. वस्तीची विहीर गेल्याच वर्षी आटली होती आणि टँकर त्याच्या मर्जीनं यायचा.

लोकांना घेऊन तिची धाकटी बहीणच आली होती. तिचं सासर त्या वस्तीत. सातवा महिना, हात कमरेवर, पण तोंड मोकळं. “माझ्या ताईनं हो म्हटलं की झालं,” ती सगळ्यांना सांगत होती. “लहानपणी मला दूधसुद्धा वास घेतल्याशिवाय द्यायची नाही ही!” लोक थोरलीकडे बघायला लागले. तिचा शब्द ऐकायलाच ते एवढ्या उन्हात चालत आले होते.

‘हो’ अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. पण दोघी बहिणी मासे पाळणाऱ्याच्या लेकी. अंड्यांवर आलेली मासळी दिसली की हात शिवशिवायचेच. थोरलीनं बाह्या वर सारल्या, जाळीनं एक मासा काढला आणि अंगठ्यानं त्याचं पोट हळूच दाबलं. वडील असंच करायचे. मादी असेल तर अंडी येतात, नर असेल तर दुधासारखं पांढरं पाणी. तिच्या तळहातावर पिवळी अंडी आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“आता नवरदेव दाखव!” धाकटी म्हणाली.

थोरलीनं दुसरा मासा काढला. अंडी. मग चांगला दांडगा बघून तिसरा काढला. त्यातूनही अंडीच. “काका, पलीकडच्या कोपऱ्यात जाळी टाका जरा,” ती म्हणाली. काका एकेक मासा काढून देत गेले आणि ती दाबत गेली.

“अहो, नवरदेव कुठला मिळणार?” काका हसत म्हणाले. “या हौदात सगळ्या लेकीच दिसतायत!”

लोक पुन्हा हसले. थोरलीनं मात्र हातातला मासा परत पाण्यात सोडला. कुठलीही पिल्लं आणा, निम्मी नर असतात. वडिलांच्या तळ्यांत कधी याहून वेगळं झालं नव्हतं. मग ते गेले कुठे?

गेले कुठेच नव्हते. तिला ते आता कळलं. साबणातली काही रसायनं पाण्यात पुरती मोडत नाहीत. त्यांना ना रंग, ना वास. ती कुणाला मारत नाहीत. अंगात शिरून ती मादीच्या संप्रेरकाचं सोंग घेतात आणि शरीर त्यांचं ऐकतं. वाढ झालेला जीव एखाद्या वेळी निभावून नेईल. ज्याचा पिंड अजून घडतोय, त्याला हा खोटा निरोप खराच वाटतो. हे सगळं तिनं वाचलेलं होतं. पण ती रसायनं शोधा असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि मासे तर मजेत पोहत होते. मेले असते तर बरं झालं असतं. निदान तेव्हाच कळलं असतं.

“हे पाणी वस्तीला देता येणार नाही,” ती म्हणाली.

साहेबांचा चेहरा उतरला. “अहो बाई, काय बोलताय! सगळ्या तपासण्यांत पास झालंय. मासे जिवंत आहेत, अजून काय हवं?”

“नर हवेत,” थोरली म्हणाली. “पिल्लं सोडली तेव्हा होते. या पाण्यात वाढता वाढता सगळ्यांच्या माद्या झाल्या. हे पाणी कुणाच्याही पोटात जाता कामा नये. पोटुशा बाईच्या तर नाहीच नाही.”

लोकांत कुजबुज सुरू झाली. आशेनं आलेली माणसं ती, चिडली. साहेब कुणाला तरी फोन लावत बाजूला गेले. आता नोकरी जाणार हे थोरलीला दिसत होतं. जाऊ दे, गेली तर गेली. ती कठड्यावर बसली आणि तिला रडूच आलं. अजून एक शब्द, आणि आपण आपल्याच बहिणीच्या घरात हे पाणी सोडलं असतं! तिनं धाकटीचा हात घट्ट धरला.

“घाबरू नकोस गं,” ती म्हणाली. “देवाची कृपा, वेळेवर कळलं.”

 धाकटीचा दुसरा हात पोटावर होता.

“ताई, रागावू नकोस,” ती हलकेच म्हणाली. “विहीर आटल्यापासून आम्ही सगळ्या जणी बागेच्या पाटाचंच पाणी भरतोय. म्हटलं, ताईच्या हातचं पाणी, त्याला काय बघायचं?”