पाचावर थबकलेलं घड्याळ

चढाई तीस सेकंदांची. पडद्यावरचं घड्याळ पाचावर आलं आणि तिथंच थबकलं.

प्रज्ञा गोंधळली. कबड्डीच्या मैदानावरचा हा गुणफलक तिनंच संगणकाच्या बेसिक भाषेत लिहिला होता. प्रोग्रॅम एक, पण त्यात एकाच वेळी चालणारे धागे, म्हणजे थ्रेड, दोन. एकानं गुण मांडायचे, दुसऱ्यानं सेकंद मोजायचे. एका जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात असावेत, तसे ते घरी गोडीनं चालले होते. मग आजच कोण कुणासाठी खोळंबलं? तिला काही उमगेना.

तोवर तिचा धाकटा भाऊ दिगंबर पाहुण्या संघाच्या कोंडाळ्यातून उसळला आणि मधली रेघ शिवून आला. घड्याळ अजून पाचावरच! त्याच पडद्यावर विसंबलेल्या पंचांनी शिट्टी फुंकली. शेवटचा गुण, गावाला ढाल. गुलाल उडाला, हलगी कडाडली.

"ताई, आज घड्याळपण आपल्याच गावचं निघालं की गं!" दिगंबर हसत म्हणाला. घड्याळ थांबलेलं त्यानं पाहिलं होतं, की ही नुसती थट्टा? तेही तिला कळेना. पाहुण्यांचा कप्तान मातीत बसून पडद्याकडे खुळ्यासारखा बघत होता.

ती उठून पंचांपुढं गेली. "सर, ही चढाई धरू नका. घड्याळ मध्येच थांबलं होतं."

"का थांबलं, पोरी?"

"ते मलाच कळलेलं नाही. पण थांबलं होतं, एवढं खरं."

हलगी गप्प झाली.  मग दिगंबरनं कपाळावरचा गुलाल पुसला आणि पुन्हा चढाईसाठी रेघेकडे चालू लागला.