निघतानाची शिंक

"कुणी निघताना शिंकत जाऊ नको गं," हे मी लग्नापासून ऐकत आले. सायनसनं नाक कायम चोंदलेलं, आणि आमच्या घाटघर गावात शिंक आली की निघालेला माणूस जरा टेकून, पाणी पिऊनच उंबरा ओलांडतो.

जुन्नरच्या डॉक्टरीणबाईंनी स्कॅनवरून माझ्या नाकातल्या पोकळ्यांचं हुबेहूब प्लास्टिकचं मॉडेल थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतलं. आधी त्यावर हात बसवला, मगच माझं ऑपरेशन केलं. आता शिजत्या भाताचा वास मला अंगणातसुद्धा येतो. बाईंनी दिलेलं ते मॉडेल मी देव्हाऱ्यात ठेवलंय. रोज हात जोडते.

आज बाईंना नवा तांदूळ द्यायला निघालो. दाराला कुलूप लावलं, तेवढ्यात आतून, देव्हाऱ्याकडून शिंक आली. माझीच, ऑपरेशनआधीची, चोंदल्या नाकाची.

"शिंकलीस ना?" मालक गाडीवरून म्हणाले. "टेक आता जरा."

घरात कुणीच नव्हतं. तरी मी दाराला पाठ लावून पायरीवर बसले. मॉडेलला मनात म्हटलं, माझं दुखणं तू घेतलंस, तुझं ऐकायलाच हवं.

दुसरी शिंक देव्हाऱ्यातून आली नाही. ती दाराच्या अगदी पलीकडून आली, आणि फटीतून माझ्या मानेवर गरम वाफ लागली.