लॉक लोमंडवरचा दहावा

मृणालच्या बाबांनी तीस उन्हाळे, दर शनिवारी, ग्लासगोहून लॉक लोमंडच्या तळ्यावर जाऊन गांडुळं लावून गळ टाकला. एकही मासा लागला नाही. “ऊन फार. ट्राउट खोल गेलेत,” एवढं सांगून ते जेवणाचा रिकामा डबा आईपुढे ठेवायचे.

त्यांचा दहावा मृणालनं त्याच काठावर केला. भाताच्या पिंडाला कावळा काही शिवेना. “तुमचे रॉड चॅरिटी शॉपला देणार नाही हो,” असं वचनही आईनं देऊन पाहिलं. शेवटी भर दुपारच्या उन्हात मृणालनं पिंड पाण्यात सोडला. तेवढ्यात हातभर लांब ट्राउट उसळला आणि अख्खा पिंड घेऊन गेला.

आई पाण्याच्या अगदी कडेपर्यंत गेली.



“दर शनिवारी डब्यात भातच तर देत होते मी ह्यांना.”