तिच्या उंचीचा खिळा

"आबाजी, सगळ्यांकडून एक पायली तांदूळ घेता, मंग आमच्याकडून तीन काऊन?"

दुर्गेश्वरीने विचारून टाकले. मैत्रिणींची पैजच होती तशी. रिंकी म्हणाली होती, "तुझा बाप बैलबाजारात दलालाले रडवते. टीव्हीच्या छत्रीचं रिचार्ज बी घासाघीस करून भरते. मंगरूसमोर मात्र मुका. हिंमत असन त विचारून दाखव." आणि हिंमत यंदा दुर्गेश्वरीकडे उतू जात होती. वक्तृत्वात ती तालुक्यातून पहिली आली होती. देवरीच्या बसमध्ये आता कंडक्टरशीसुद्धा सुट्ट्या पैशांवरून भांडायची.

मंगरू लोहार दारात भिजत उभा होता. जिवतीची अमावस्या होती. सकाळपासून तो गावातल्या एकेका घराच्या चौकटीत खिळा ठोकत आला होता. खिळा बसला की वर्षभर वाईट काही आत येत नाही, आणि लोहाराला तांदूळ मिळतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले.

"भाव वाढला," मंगरू म्हणाला.

"बाकीच्याले स्वस्त अन् आमाले महाग? मोबाईलवाले बी असेच लबाड असतेत, पण भांडलं की कमी करतेत. मले बोलता येत नव्हतं तवापासून आम्ही तुमचेच गिराईक आहोत आबाजी. सूट पाहिजे."

"चूप राय व पोरी," आतून तिचा बाप छोटेलाल तांदळाचे सूप घेऊन आला. "घे गा मंगरू, तीन घे. चार घे."

बापाने आपणहून भाव वाढवलेला दुर्गेश्वरीने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तिला आणखी चेव आला.

"एकच पायली, बाबा. नाही परवडत त पलीकडच्या गावचा लोहार बोलावू."

मंगरू रागावला नाही. त्याने खांद्यावरची पिशवी नीट केली. "बोलाव ना. फक्त त्याले सांगजो, कोणासाठी ठोकाचा आहे."

"कोणासाठी म्हणजे?"

भिंतीवर जिवतीचे चित्र चिकटवलेले होते. मांडीवर, खांद्यावर लेकरे घेतलेली देवी. दुर्गेश्वरीची आई पुष्पाबाई देवीला कुंकू लावत होती. आज सगळ्या आया आपल्या लेकरांसाठी आयुष्य मागतात. तिचे बोट चित्रावरच थांबले.

मंगरूने चौकटीकडे हात केला. इतरांच्या घरी खिळा उंबरठ्याशी असतो. इथे चौकटीच्या बाहेरच्या अंगाला, एकावर एक, वर वर चढत गेलेली रांग होती. दुर्गेश्वरीला ती रांग फार आवडायची. पाठ लावून उभी राहिली की सगळ्यात वरचा खिळा बरोबर तिच्या डोक्याशी येई. मैत्रिणींना ती ऐटीत दाखवायची.

"ते त माझी उंची आहे," ती म्हणाली. "तुम्ही दरवर्षी माझं माप घेता."

"तुले मी कधी चौकटीपाशी उभं केलं का, पोरी?"

ती आठवू लागली. खिळा ठोकायच्या वेळी आई तिला नेहमी आतल्या खोलीत न्यायची आणि दार लोटून घ्यायची. हातोड्याचा आवाज तेवढा यायचा.

"मंग कोणाचं माप घेता?"

"बाहेर उभी राहते तिचं," मंगरू म्हणाला. "लहान होती तवा बारक्या खिळ्यात भागलं. आता वाढली. जोर करते. जाड खिळा लागते, अन् माझा हात कापते. म्हणून तीन पायल्या."

छोटेलालने सूप खाली ठेवले. तो जमिनीकडे बघत बोलला, "तुम्ही दोघी होत्या. जुळ्या. रांगत होती तवाच तुलसा तापानं गेली. जोडीतलं एक गेलं की दुसऱ्याले नेते म्हणतेत. आम्ही तुले वाचवून राहिलो, पोरी."

दुर्गेश्वरीने बाहेर पाहिले. झड लागली होती. अंगण, तुळस, न्हाणीचा दगड, सगळे पाण्याने चमकत होते. फक्त चौकटीसमोरच्या पायरीवर एक जागा कोरडी होती. दोन पाय मावतील एवढी. वर छप्पर नव्हते, आडवे काही नव्हते. पाऊस तेवढ्या जागेवर पडतच नव्हता.

तिला पळून आतल्या खोलीत जावेसे वाटले. आईने दार लोटून घ्यावे, नेहमीसारखे.

मंगरूने खिळा चौकटीला लावला. तो बरोबर दुर्गेश्वरीच्या डोक्याच्या उंचीवर होता. "ठोकू?"

"ठोक," छोटेलाल म्हणाला.

हातोडा वर गेला. आणि पायरीवरची ती कोरडी जागा एक पाऊल मागे सरकली. कोणी ढकलले नव्हते. आपणहून, सवयीने सरकली, जसे पंगतीत नको असलेले लेकरू कोणी ओरडायच्या आधीच बाजूला होते.

पुष्पाबाईच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. तिलाही ते दिसले होते. कदाचित दरवर्षी दिसत असेल.

दुर्गेश्वरीने पुढे होऊन खिळ्याच्या जागी तळहात ठेवला. मंगरूचा हात वरच राहिला. तिच्या मनगटाला बाहेरून काहीतरी गार लागले, आणि तिने हात काढला नाही.

"आई, बाबा," ती म्हणाली, "यंदा खिळा नाही. तुलसा माझ्या खाटेवर झोपन."