पलंगाजवळचा माइक

बाबांचा कॉम्प्युटर तापून नुसता धापा टाकत होता. एक अक्षर उमटायलाही वेळ लागायचा. शेवटी सून तपासायला बसली.

"बाबा, आजारपणात आईंचा श्वास ऐकायला पलंगाजवळ माइक लावला होता ना? आई गेल्या, पण तो प्रोग्राम मागे अजून चालूच आहे. श्वास सापडत नाही म्हणून जिवाचं रान करून शोधतोय बिचारा. करते बंद."

"थांब गं जरा."

बाबा आतल्या खोलीत गेले आणि बायकोच्या जागेवर आडवे झाले. थोड्या वेळाने त्यांनी आतूनच विचारलं, "सापडला का गं त्याला?"

सुनेने स्क्रीनकडे पाहिलं. "सापडला, बाबा."

"मग आता कर बंद."