वाढदिवसाच्या नूडल्स

मीनाक्षीच्या पुढ्यात वाडगा आला आणि श्रीधरनं वाकून त्यात पाहिलं. नूडल्स नेहमीसारख्याच होत्या, हातभर लांब. त्यानंच सकाळी फोन करून करीमभाईंना सगळं सांगितलं होतं. वर बजावलंही होतं, “काही बदलू नका. तिला संशय यायला नको.”

सिटी चौकामागच्या बोळात, पिठाच्या गिरणीला लागून करीमभाईंचं घर. पुढच्या खोलीत तीन टेबलं, बाहेर पाटी नाही. करीमभाई कलकत्त्याला एका चिनी उस्तादाकडे शिकलेले. पीठ मळून नूडल्स ओढायचं काम त्यांच्या बायकोचं, गुलशनभाभींचं. मीनाक्षीचा वाढदिवस गेली एकोणीस वर्षं इथंच. पहिल्या वर्षी दोघं घरी ‘देवळात जातो’ सांगून आली होती. परतल्यावर मीनाक्षीच्या सासूबाईंनी श्रीधरच्या शर्टावरचा सोयासॉसचा डाग दाखवला आणि विचारलं, “हा कुठल्या देवाचा प्रसाद?” खोटं बोलणं हे श्रीधरचं कामच नव्हतं.

वाढदिवसाच्या नूडल्स कापायच्या नाहीत, हा उस्तादाचा नियम. नूडल जितकी लांब, तितकं आयुष्य लांब.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी श्रीधरला एकट्याला आत बोलावलं. मीनाक्षीच्या घशातली गाठ पसरली होती. “फार तर दोन महिने,” ते म्हणाले. बाहेर येऊन त्यानं मीनाक्षीला सांगितलं, “सूज आहे. गोळ्यांनी उतरेल.” ती नुसतं “बरं” म्हणाली. जन्मात पहिल्यांदा आपलं खोटं पचलं, असं त्याला वाटलं.

मीनाक्षीनं नूडलचं टोक तोंडात घेतलं. गिळायचा प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी आलं, मान थरथरली, आणि तिनं घास हळूच रुमालात काढला. पुन्हा घेतला. पुन्हा काढला. श्रीधरला स्वतःच्या हुशारीची किळस आली.

गुलशनभाभींना बघवेना. त्या आतून कात्री घेऊन आल्या. “मी बारीक करून देते की. त्याला काय होतंय?”

“बर्थडेच्या नूडल्सला कात्री?” करीमभाईंनी मध्ये येऊन कात्री काढून घेतली. त्यांचा आवाज चिरकला होता. “उमर कमी होते मीनाक्षीभाभींची. माझ्या घरात नाय व्हायचं हे.”

“राहू दे, भाभी,” श्रीधर घाईघाईनं म्हणाला. “सूज उतरली की खाईल ती. पुढच्या वर्षी दोन वाडगे खाईल.”

मीनाक्षीनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या शर्टाकडे पाहिलं, तिथं डाग नसतानाही, आणि थोडीशी हसली.

“द्या ती कात्री, करीमभाई,” ती बसक्या आवाजात म्हणाली. “दोन महिने पुरतील एवढ्या लांब ठेवा. बाकी कापून टाका.”