वर्दी विकणे आहे

"'सुरक्षेच्या कारणास्तव जाहिरात काढली आहे.' म्हणजे काय? मी काय अतिरेकी आहे?" निवृत्त हवालदार शिर्केनाना मोबाईल घेऊन ओसरीवर येरझारा घालत होते. आपली जुनी लष्करी वर्दी त्यांनी सकाळीच विक्रीच्या अ‍ॅपवर टाकली होती, फोन नंबर आणि पत्त्यासकट.

"पास नव्हता म्हणून तुम्ही नाही का खुद्द कर्नलसाहेबांची गाडी गेटवर अडवली होती?" पोळ्या लाटता लाटता सूनबाई म्हणाली.

"ती ड्यूटी होती!" नाना खेकसले. पाय मात्र थांबेनात.

तेवढ्यात फोन वाजला. कुणीतरी जाहिरात आधीच पाहून ठेवली होती.

"वर्दी आजच नेतो. फक्त छातीवरची नावाची पट्टी काढू नका."

"ते माझं नाव आहे. तुम्हाला कशाला?"

"कुणाचंही चालेल हो."

नाना जागीच ताठ झाले. "कोण तुम्ही? युनिट कुठलं?"

फोन कट झाला.

नानांनी वर्दी काखोटीला मारली, पायात चपला सरकवल्या. "पोलीस ठाण्यात जाऊन येतो. तोवर दार उघडू नकोस, सूनबाई. वर्दीतला माणूस आला, तर अजिबातच नाही."